समस्थानिके: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आठवी-नववीत अणूची ओळख झाली की लगेच समस्थानिकांची व्याख्या येते. मुले ती पाठ करतात, दोन गुण मिळवतात आणि पुढे जातात. अकरावीत मोलची गणिते सुरू झाली की कळते, व्याख्या पाठ आहे पण चित्र डोळ्यासमोर नाही. शिकवताना हेच प्रश्न वर्षानुवर्षे माझ्यापुढे आले आहेत. ते आणि त्यांची उत्तरे इथे एकत्र देत आहे.

समस्थानिक म्हणजे नेमके काय?

एकाच मूलद्रव्याचे, पण केंद्रकात न्यूट्रॉनची संख्या वेगळी असलेले अणू म्हणजे समस्थानिके. कार्बनच्या प्रत्येक अणूत ६ प्रोटॉन असतात. बहुतेक कार्बन अणूंमध्ये ६ न्यूट्रॉन सापडतात, काहींमध्ये ७ आणि अगदी मोजक्या अणूंमध्ये ८. म्हणून कार्बन-१२, कार्बन-१३ आणि कार्बन-१४. तिन्ही कार्बनच.

या विषयात कुठेही अडलात तर आधी एकच प्रश्न विचारा: प्रोटॉन किती? त्या आकड्याने मूलद्रव्य ठरते. न्यूट्रॉनचा विचार त्यानंतर.

हे नाव कुठून आले?

मराठी शब्द नीट फोडून पाहा: सम, स्थान. ज्यांचे स्थान समान आहे ते. स्थान कुठले? आवर्तसारणीतले, म्हणजे मूलद्रव्यांच्या तक्त्यातले. व्याख्या विसरली तरी शब्दातून ती परत मिळवता येते. 'आयसोटोप' हा मूळ शब्दही ग्रीकमधल्या 'समान' आणि 'जागा' या दोन शब्दांचा बनलेला आहे, पण तो ऐकून आपल्याला काही उमगत नाही. मराठी माध्यमातल्या मुलांच्या हाती इथे आयती किल्ली आहे आणि ती वापरायला त्यांना कुणी सांगत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

मूळ शब्दाचा जन्म १९१३ सालचा, ग्लासगोमधला. फ्रेडरिक सॉडी किरणोत्सारी पदार्थांवर काम करत होते. त्या काळात असे पदार्थ एकामागून एक सापडत होते आणि प्रत्येकाला नवे नाव मिळत होते. 'आयोनियम' हा त्यांतलाच एक. तो थोरियममध्ये मिसळला की कुठल्याही रासायनिक रीतीने वेगळा करता येईना. आवर्तसारणीत एवढ्या सगळ्या 'मूलद्रव्यांना' पुरतील इतक्या जागाही नव्हत्या. सॉडी म्हणाले, ही वेगळी मूलद्रव्ये नाहीतच. एकाच जागेवर बसणारे, वजनाने निरनिराळे अणू आहेत. त्यांच्या ओळखीच्या डॉक्टर मार्गारेट टॉड यांनी या कल्पनेला 'आयसोटोप' हे नाव सुचवले. आयोनियम म्हणजे थोरियम-२३०, हे आज आपण सहज सांगतो. सॉडी यांना रसायनशास्त्राचे १९२१ सालचे नोबेल मिळाले. न्यूट्रॉनचा शोध मात्र १९३२ मध्ये चॅडविक यांनी लावला. म्हणजे समस्थानिकांची कल्पना आधी मांडली गेली आणि त्यामागचे कारण जवळपास वीस वर्षांनी कळले.

न्यूट्रॉन वाढले तरी मूलद्रव्य का बदलत नाही?

कारण रासायनिक देवाणघेवाण सगळी इलेक्ट्रॉनची असते. इलेक्ट्रॉन किती, हे प्रोटॉनवरून ठरते, कारण अणू विद्युतदृष्ट्या उदासीन असतो. न्यूट्रॉनवर प्रभार नसतो. तो एक जास्त आला काय किंवा कमी झाला काय, बाहेरच्या कवचातल्या इलेक्ट्रॉनांना त्याचा पत्ता जवळजवळ लागत नाही. संयुजा (दुसऱ्या अणूंशी जोडले जाण्याची क्षमता) तीच, संयुगे तीच, रंगवासही तोच.

'जवळजवळ' हा शब्द मुद्दाम घातला आहे. हायड्रोजनच्या बाबतीत थोडा फरक पडतो. तो जड पाण्याच्या प्रश्नात येईल.

समस्थानिक लिहायचे कसे आणि न्यूट्रॉन मोजायचे कसे?

मूलद्रव्याच्या संज्ञेच्या डावीकडे वर अणुवस्तुमानांक (प्रोटॉन आणि न्यूट्रॉन यांची बेरीज) आणि खाली अणुअंक (प्रोटॉनची संख्या). वरच्यातून खालचा वजा केला की न्यूट्रॉन. क्लोरीन-३७ मध्ये ३७ वजा १७, म्हणजे २० न्यूट्रॉन. खालचा आकडा दिला नसला तरी बिघडत नाही, कारण क्लोरीन म्हटले की १७ आलेच.

आवर्तसारणीत क्लोरीनपुढे ३५.५ लिहिले आहे. अर्धा न्यूट्रॉन कसा असेल?

अर्धा न्यूट्रॉन नसतोच. हा प्रश्न विचारणारे मूल विषय समजून घेत आहे, एवढे नक्की.

वर्गात मी एक डबा नेते. त्यात तीन वाट्या चवळी आणि एक वाटी राजमा घालून हलवते. मग मुलांना शंभर दाणे मोजून वजन करायला आणि त्याला शंभराने भागायला सांगते. एका दाण्याचे सरासरी वजन निघते. आता डब्यातून असा एक तरी दाणा शोधून द्या, म्हटले, की ज्याचे वजन बरोबर तेवढे आहे. मुले शोधतात. सापडत नाही. चवळी त्या आकड्यापेक्षा हलकी, राजमा जड.

क्लोरीनचे तसेच. निसर्गातल्या क्लोरीनमध्ये सुमारे ७५.७६ टक्के अणू क्लोरीन-३५ चे आणि २४.२४ टक्के क्लोरीन-३७ चे. चारात साधारण तीन हलके, एक जड. ३५ ला ०.७५७६ ने आणि ३७ ला ०.२४२४ ने गुणून बेरीज केली की ३५.४८ येते. ३५.५ वजनाचा क्लोरीनचा एकही अणू जगात नाही. मीठ समुद्राचे असो वा खाणीतले, त्यातल्या क्लोरीनच्या अणूंची सरासरी मात्र साडेपस्तीसच्या आसपास भरते.

या आकड्याने रसायनशास्त्रज्ञांना शंभर वर्षे छळले. विल्यम प्राउट यांनी १८१५ मध्ये मांडले होते की सगळ्या मूलद्रव्यांची वजने हायड्रोजनच्या पूर्ण पटीत असावीत. अनेक मूलद्रव्ये या नियमाच्या जवळपास बसत होती, पण क्लोरीन काही केल्या बसेना. अखेर फ्रान्सिस अ‍ॅस्टन यांनी १९१९ मध्ये अणूंना वजनानुसार वेगळे करणारे यंत्र, म्हणजे मास स्पेक्ट्रोग्राफ बांधला. त्याआधी जे. जे. थॉमसन यांना निऑनमध्ये २० आणि २२ असे दोन ठसे दिसले होते. अ‍ॅस्टन यांनी त्यावर शिक्कामोर्तब केले, आणि क्लोरीनचेही दोन प्रकार वेगळे काढून दाखवले. प्राउट यांचे म्हणणे एकेका अणूला बऱ्यापैकी लागू होते. रसायनशाळेत मात्र नेहमी मिश्रणच तोलले जात होते.

मग अणुवस्तुमानांक आणि अणुवस्तुमान यांत फरक काय?

अणुवस्तुमानांक म्हणजे प्रोटॉन आणि न्यूट्रॉन यांची बेरीज. तो मोजून आलेला आकडा, म्हणून नेहमी पूर्णांक. अणुवस्तुमान म्हणजे तोलून आलेले वजन. त्याचे एकक कार्बन-१२ च्या एका अणूच्या बाराव्या भागाएवढे धरतात. म्हणून कार्बन-१२ चे वस्तुमान बरोबर १२. इतर कुणाचेच असे नेमके पूर्णांकात येत नाही: क्लोरीन-३५ चे ३४.९६९, क्लोरीन-३७ चे ३६.९६६. केंद्रकात कण एकत्र बांधले जाताना थोडी ऊर्जा बाहेर पडते आणि तेवढे वस्तुमान घटते, त्याचा हा परिणाम.

हे अचूक आकडे घेऊन वरचे गणित पुन्हा केले की ३५.४५ येते. आवर्तसारणीत छापलेला आकडा तोच. शाळेत सोयीसाठी ३५.५ धरतात.

सरासरी वस्तुमान दिले असेल तर टक्केवारी कशी काढायची?

तांबे घेऊ. पाण्याच्या तांब्यात दोन समस्थानिके आहेत, तांबे-६३ आणि तांबे-६५. सरासरी ६३.५४६. तांबे-६३ चा हिस्सा 'क्ष' धरला तर तांबे-६५ चा हिस्सा १ वजा क्ष. आता ६३ गुणिले क्ष, अधिक ६५ गुणिले (१ वजा क्ष), हे ६३.५४६ च्या बरोबर. सोडवले की क्ष ०.७२७ येतो, म्हणजे ७२.७ टक्के.

इथे थांबू नका. प्रत्यक्ष मोजलेले उत्तर ६९.१५ टक्के आहे. साडेतीन टक्क्यांची चूक आली कुठून? आपण वजनांच्या जागी अणुवस्तुमानांक वापरले. तांबे-६३ चे खरे वस्तुमान ६२.९२९६ आणि तांबे-६५ चे ६४.९२७८ आहे. हे आकडे घाला: ६४.९२७८ वजा ६३.५४६ म्हणजे १.३८१८, त्याला १.९९८२ ने भागा. बरोबर ०.६९१५. दशांशातला इवलासा फरक उत्तरात एवढा मोठा होतो, कारण आपण दोन जवळजवळच्या आकड्यांची वजाबाकी करतो. प्रश्नात अचूक वस्तुमाने दिली असतील तर तीच वापरायची. दिली नसतील तर पूर्णांक वापरा, आणि उत्तर अंदाजे आहे हे ध्यानात ठेवा.

उत्तर तपासायची सोपी खूण: सरासरी ज्या समस्थानिकाच्या जवळ, त्याचे प्रमाण जास्त. ६३.५ हे ६५ पेक्षा ६३ च्या जवळ आहे, तेव्हा तांबे-६३ निम्म्याहून जास्त असलेच पाहिजे. उलटे आले तर कुठेतरी चिन्ह चुकले.

प्रत्येक मूलद्रव्याला समस्थानिके असतात का?

निसर्गात नाही. सोडियम, फ्लोरीन, अ‍ॅल्युमिनियम, फॉस्फरस, आयोडीन आणि सोने यांचा निसर्गात एकच स्थिर प्रकार सापडतो. दुसऱ्या टोकाला कथील: त्याची दहा स्थिर समस्थानिके आहेत, सगळ्यांत जास्त. कृत्रिम रीतीने मात्र कुठल्याही मूलद्रव्याचे नवे समस्थानिक तयार करता येते.

समस्थानिक, आयन आणि अपरूप यांत माझा नेहमी गोंधळ होतो.

काय बदलले ते पाहा. न्यूट्रॉन बदलले तर समस्थानिक. इलेक्ट्रॉन बदलले तर आयन. अणू तेच राहून त्यांची रचना बदलली तर अपरूप. हिरा आणि ग्रॅफाइट ही कार्बनची अपरूपे. या तिन्हींत प्रोटॉनला कुणी हात लावलेला नाही. हिऱ्यातही शंभरातला साधारण एक अणू कार्बन-१३ चा असतो आणि पेन्सिलीच्या शिशातही तेवढाच.

सगळी समस्थानिके किरणोत्सारी असतात का?

नाही. ही सगळ्यांत रुजलेली चुकीची समजूत. तुमच्या ताटातले मीठ, हातातले तांब्याचे भांडे, श्वासातला ऑक्सिजन, सगळे स्थिर समस्थानिकांचेच बनलेले आहे. 'समस्थानिक' हा शब्द बातमीत फक्त अणुभट्टी किंवा कर्करोगाच्या उपचारांच्या संदर्भात येतो, म्हणून तो ऐकताच भीती वाटते.

केंद्रकात प्रोटॉन एकमेकांना ढकलत असतात आणि न्यूट्रॉन त्यांना धरून ठेवायला मदत करतात. हलक्या अणूंत साधारण बरोबरीने न्यूट्रॉन पुरतात, जड अणूंत दीडपट लागतात. हे प्रमाण बिघडले की केंद्रक अस्थिर होते आणि कण किंवा किरण बाहेर टाकून बदलते.

अर्धायुष्य म्हणजे नक्की किती आयुष्य?

दिलेल्या अणूंपैकी निम्मे अणू बदलायला लागणारा काळ. उरलेले निम्मे तेवढ्याच काळात 'संपत' नाहीत. त्यांचे पुन्हा निम्मे होतात. आयोडीन-१३१ चे अर्धायुष्य ८ दिवसांचे. ८० दिवसांत दहा वेळा निम्मे, म्हणजे मूळच्या सुमारे हजाराव्या भागाएवढे शिल्लक. थायरॉईडच्या काही आजारांत रुग्णाला हे आयोडीन देतात. आपल्या आहारातले आयोडीन-१२७ आणि हे आयोडीन-१३१ यांत थायरॉईड ग्रंथीला फरक करताच येत नाही. नेहमीचेच समजून ती ते ओढून घेते आणि किरणांचा मारा नेमका तिथेच होतो. समस्थानिकांचे रसायन सारखे असते, हे वाक्य पुस्तकात कोरडे वाटते. रुग्णाचा उपचार त्याच वाक्यावर उभा असतो.

कार्बन-१४ चे अर्धायुष्य ५,७३० वर्षांचे. वातावरणाच्या वरच्या थरात नायट्रोजनपासून ते सतत बनत असते, झाडे ते शोषतात, आणि झाड तोडले की भर थांबते. मग असलेले घटत जाते आणि किती उरले त्यावरून वय काढता येते. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठच्या इनामगावला डेक्कन कॉलेजच्या उत्खननात ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांची वस्ती सापडली. तिचा कालक्रम लावताना कार्बन-१४ च्या तारखांचा मोठा आधार झाला. तीन हजार वर्षांपूर्वी विझलेल्या कोळशात मूळच्या कार्बन-१४ पैकी सुमारे ७० टक्के अजून शिल्लक असतो. पन्नास हजार वर्षांपलीकडे मात्र मोजण्याजोगे काही उरत नाही.

जड पाणी साध्या पाण्यापेक्षा वेगळे दिसते का?

दिसायला तंतोतंत तसेच. हायड्रोजनच्या केंद्रकात एरवी फक्त एक प्रोटॉन असतो. त्याला एक न्यूट्रॉन मिळाला की ड्युटेरियम, दोन मिळाले की ट्रिटियम. ट्रिटियम किरणोत्सारी आहे, ड्युटेरियम नाही. हॅरॉल्ड युरी यांनी १९३१ मध्ये ड्युटेरियम शोधले. स्वतंत्र नावे रूढ असलेली समस्थानिके आज हायड्रोजनचीच. कारण उघड आहे: कार्बनमध्ये एक न्यूट्रॉन वाढला तर वजन बाराचे तेरा होते, हायड्रोजनमध्ये एकदम दुप्पट. म्हणून इथे गुणधर्मांतला फरक हाताला लागतो. दोन्ही हायड्रोजन ड्युटेरियम असलेले पाणी म्हणजे जड पाणी. ते ३.८ अंश सेल्सिअसला गोठते, १०१.४ अंशांना उकळते आणि त्याची घनता साध्या पाण्यापेक्षा सुमारे ११ टक्के जास्त असते. त्याचा बर्फाचा खडा साध्या पाण्याच्या पेल्यात टाकला तर तळाशी जाऊन बसतो. तरंगणारा बर्फ पाहायची सवय असलेल्या डोळ्यांना ते दृश्य फार चमत्कारिक वाटते.

ड्युटेरियम आपल्या घरातही आहे. साध्या पाण्यात साधारण ६,४०० हायड्रोजन अणूंमागे एक ड्युटेरियमचा. आंघोळीच्या १५ लिटरच्या बादलीतले सगळे ड्युटेरियम वेचून त्याचे जड पाणी केले तर जेमतेम अडीच ग्रॅम भरेल, अर्धा चहाचा चमचा. तो अर्धा चमचा वेगळा काढण्यासाठी मोठमोठे कारखाने लागतात. अलिबागजवळ थळला असा कारखाना आहे. तिथे अमोनिया आणि हायड्रोजन वायू यांच्यात ड्युटेरियमची अदलाबदल घडवून ते गोळा करतात.

एवढे कष्ट कशासाठी?

तारापूरच्या अणुऊर्जा केंद्रात याचे उत्तर एकाच आवारात दोन तऱ्हांनी मिळते. नैसर्गिक युरेनियममध्ये सहज फुटणारे युरेनियम-२३५ फक्त ०.७२ टक्के, बाकी जवळपास सगळे युरेनियम-२३८. अणुभट्टीतले पाणी न्यूट्रॉनचा वेग कमी करते. पण तेवढ्या युरेनियम-२३५ वर साध्या पाण्यात साखळी अभिक्रिया (एका अणूच्या फुटण्यातून सुटलेल्या न्यूट्रॉनने पुढचा अणू फुटत जाणे) टिकत नाही, कारण साधा हायड्रोजन काही न्यूट्रॉन गिळून टाकतो. मार्ग दोन. एक, इंधनातले युरेनियम-२३५ चे प्रमाण वाढवायचे. १९६९ मध्ये सुरू झालेल्या पहिल्या दोन अणुभट्ट्या समृद्ध युरेनियम आणि साधे पाणी वापरणाऱ्या. दोन, युरेनियम आहे तसेच ठेवून पाणी बदलायचे. नंतरच्या तिसऱ्या आणि चौथ्या अणुभट्टीत नैसर्गिक युरेनियम आणि जड पाणी. ड्युटेरियमकडे एक न्यूट्रॉन आधीच असल्याने तो आणखी घ्यायला फारसा उत्सुक नसतो. एकीकडे युरेनियमची समस्थानिके निवडली, दुसरीकडे हायड्रोजनची.

लासलगावला कांद्यावर किरणे सोडतात. तो कांदा किरणोत्सारी होतो का?

होत नाही. लासलगावच्या 'कृषक' केंद्रात कोबाल्ट-६० वापरतात. निसर्गातले सगळे कोबाल्ट म्हणजे कोबाल्ट-५९. अणुभट्टीत त्याला एक न्यूट्रॉन मिळाला की कोबाल्ट-६० होते, अर्धायुष्य ५.२७ वर्षे. त्याच्या गॅमा किरणांमुळे कांद्याच्या कोंबातल्या पेशी विभागू शकत नाहीत, म्हणून चाळीत ठेवलेला कांदा कोंब धरत नाही. कांद्यातल्या अणूंच्या केंद्रकात बदल घडवण्याइतकी ऊर्जा या किरणांत नसते. कोबाल्ट बंद नळ्यांमध्ये असते आणि कांद्याला त्याचा स्पर्शही होत नाही. उन्हात वाळवलेली मिरची स्वतः ऊन देऊ लागत नाही, तसेच हे. अमेरिकेला जाणाऱ्या हापूसवरही २००७ पासून अशीच प्रक्रिया होत आली आहे. तिथे उद्देश कीड रोखण्याचा असतो.

अरगॉनचे वस्तुमान ३९.९५ आणि पोटॅशियमचे ३९.१०. मग सारणीत अरगॉन आधी कसा?

कारण जागा प्रोटॉनवर ठरते. अरगॉन १८, पोटॅशियम १९. वजनाचा क्रम उलटा लागतो तो समस्थानिकांच्या मिश्रणामुळे: पोटॅशियम मुख्यतः पोटॅशियम-३९ आहे, तर हवेतला अरगॉन ९९.६ टक्के अरगॉन-४०.

एवढा अरगॉन-४० आला कुठून? पोटॅशियममधूनच. पोटॅशियमचा सुमारे ०.०१२ टक्के भाग पोटॅशियम-४० असतो, १९ प्रोटॉन आणि २१ न्यूट्रॉन. अर्धायुष्य १२५ कोटी वर्षे. त्यातले बहुतेक अणू न्यूट्रॉनचा प्रोटॉन करून कॅल्शियम-४० होतात, साधारण दहात एक अणू प्रोटॉनचा न्यूट्रॉन करून अरगॉन-४० होतो. वस्तुमानांक तिघांचा ४०, पण प्रोटॉन वेगळे म्हणून मूलद्रव्ये तीन.

सह्याद्रीचा काळा कातळ तापलेला लाव्हा होता तेव्हा त्यातला अरगॉन वायू उडून गेला. कातळ थिजल्यावर पोटॅशियम-४० पासून नव्याने बनणारा अरगॉन स्फटिकांत अडकत राहिला. तो मोजून दख्खनच्या कातळाचे वय काढतात: सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षे. तेच पोटॅशियम-४० केळ्यात, डाळीत आणि आपल्या स्नायूंतही आहे. सत्तर किलोच्या माणसाच्या शरीरात ते सोळा-सतरा मिलिग्रॅम भरते, आणि त्यातले सुमारे चार हजार अणू दर सेकंदाला कॅल्शियम किंवा अरगॉन होत असतात.